रुजलेली मेढ

"लग्न झालं की मेढ काढायची, एवढं मला ठावं हाय," महादू गुरव म्हणाला. "पर लग्नच झालं न्हाई तर काढायची का न्हाई, ह्ये आजवर मला कुणी इचारलंच न्हवतं."

तात्या मेढीकडं बघत राहिले. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. माझे वडील लवकर गेले, तेव्हापासून आमच्या घरातलं प्रत्येक कार्य तात्यांच्या अंगावर. माझ्या लग्नाचा मांडवही त्यांनीच घातला होता आणि आता तो उतरवायचं कामही त्यांच्याच वाट्याला आलं होतं. मांडवाचे कळक सोडून झाले होते, जाजमं ज्याची त्याला परत गेली होती, भाड्याची भांडी टेम्पोत चढली होती. दारात एकटी मुहूर्तमेढ तेवढी उभी होती. तिच्या शेंड्याला बांधलेली आंब्याची पानं वाळून खडखडत होती.

"मग उपटून टाकू म्हणतोस?" तात्यांनी विचारलं.

"टाका की. पर म्या सांगितलं म्हणून न्हवं."

"आन् ऱ्हाऊ दिली तर?"

"ऱ्हाऊ द्या की. त्येबी म्या सांगितलं म्हणून न्हवं."

एवढं बोलून महादू शिधा घेऊन निघून गेला. तात्यांनी मेढीला हात लावला, पण देवाचं नाव घेऊन रोवलेली वस्तू उपटायचं धाडस त्यांना झालं नाही. आई तर घरातून बाहेरच येत नव्हती. मी सोप्यात भिंतीला टेकून बसलो होतो आणि मला कुणी काही विचारतही नव्हतं. अशा रीतीनं ती मेढ राहिली.

झालं होतं ते असं. आमचं गाव भुदरगड तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. चौकात माझं शिलाईचं दुकान होतं. सत्ताविसाव्या वर्षी लग्न ठरलं. मुलीचं नाव शालन. लग्न आमच्या दारात होणार होतं. हळदीच्या दिवशी सकाळी, मी स्वतःच्या लग्नाच्या सदऱ्याला शेवटची काजं करत असताना, तिचे वडील एकटेच आले. त्यांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला आणि तात्यांसमोर उभे राहिले.

"पावणं, पोरगी न्हाई म्हणती. रातीपासनं पोटात अन्नाचा कण न्हाई. तिला नर्सिंगला जायाचं हाय, नंबर लागलाय. जबरदस्तीनं उभी केली तर ती उभी ऱ्हाईल. पर मला ते जमंना."

तात्या काय बोलले, आई काय बोलली, ते सांगण्यासारखं नाही. मी सुई सदऱ्यात तशीच टोचून ठेवली आणि मागच्या दारानं शेताकडे निघून गेलो.

पुढचे काही आठवडे मी दुकान उघडत होतो, बंद करत होतो, एवढंच. चौकात माझी पाठ वळली की कुजबुज व्हायची. कुणी म्हणायचं, पोरातच काहीतरी खोट असणार. कुणी म्हणायचं, पोरगीच तसली असणार. हे दुसरं बोलणारे लोक माझ्या बाजूचे होते. चहा पाजायचे, पाठीवर हात ठेवायचे आणि तिच्याबद्दल काहीबाही सांगायचे. माझ्या डोक्यात राग होता, म्हणून सुरुवातीला ते ऐकायला बरंही वाटायचं. मग एक दिवस मला त्याचा कंटाळा आला. त्यातलं कुणीच तिला पाहिलेलंही नव्हतं.

ज्येष्ठ लागला आणि एका सकाळी आईनं अंगण झाडता झाडता मला हाक मारली.

"रंगा, हिकडं ये. ह्ये बग काय झालंय."

मेढीला फुटवे आले होते. शेंड्याजवळ दोन आणि जरा खाली एक, पोपटी, कोवळे, हात लावला तर मोडतील असे. ती मेढ पांगाऱ्याची होती. तात्यांना ऐनवेळी हवी तशी सरळ मेढ मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी आमच्या शेताच्या कुंपणातली पांगाऱ्याची मांडीएवढी जाड फांदी तोडून आणली होती. पांगाऱ्याची ओली फांदी कुंपणात नुसती खुपसली तरी जगते, हे आमच्याकडे कुणालाही माहीत असतं. फक्त मांडवाच्या मेढीचा कुणी तसा विचार करत नाही, कारण मेढ तितके दिवस राहतच नाही.

"लोकांच्या दारात तुळस आसती," आई म्हणाली. "आमच्या दारात मोडलेल्या लग्नाची मेढ, आन् वर तिला पालवी."

मला त्या झाडाचं काही पडलं नव्हतं. गावात त्याला 'रंगाची मेढ' असं नाव पडलं. येणारा-जाणारा थांबून बघायचा आणि हसू दाबत पुढं जायचा. "काय रंगराव, मेढीनं संसार मांडला, तुमचं कवा?" असं एकानं मला दुकानाच्या दारात सगळ्यांसमोर विचारलं होतं.

श्रावणात एकदा दुपारी जेवायला घरी आलो, तर शेजारच्या हौसाकाकूंची शेळी मागच्या पायांवर उभी राहून फुटवे ओरबाडत होती. मी पायातली चप्पल काढून फेकली. शेळी पळाली तरी मी तिच्या मागं चौकापर्यंत धावलो. परत आलो तेव्हा दम लागला होता आणि आई उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"एवढं काय हुतं त्यात?" तिनं विचारलं.

त्याच दिवशी मी बाभळीच्या काट्या आणून झाडाभोवती कुंपण केलं.

तेव्हापासून त्या झाडाची काळजी माझ्याकडे आली. खालचे फुटवे मी काढत गेलो, म्हणजे माणसाच्या डोक्यावरून फांद्या जातील आणि अंगणात वावरायला जागा राहील. पांगाऱ्याच्या अंगावर काटे असतात. आईचं लुगडं दोनदा अडकलं, तेव्हा खुरप्यानं हात पोचेल तिथपर्यंतचे सगळे काटे खरडून काढले. उन्हाळ्यात आंघोळीचं पाणी तिकडं वळवलं. पहिल्या हिवाळ्यात पानं गळून झाड पार उघडं पडलं, तेव्हा आई जरा आशेनं म्हणाली, "गेलं वाटतं." मी नखानं साल खरवडून बघितली. आत हिरवं होतं. आईला दाखवलं, तेव्हा ती "हं" म्हणून आत गेली.

त्या वर्षी फूल आलं नाही. दुसऱ्या वर्षी माघ सरता सरता उघड्या फांद्यांच्या टोकांना काळपट, मऊ लव असलेल्या कळ्या दिसल्या, वाघनखासारख्या वाकलेल्या. आणि मग एका सकाळी दार उघडलं तर सगळं झाड लाल. पान एकही नाही. नुसती फुलं. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कधी नव्हे ते इवले शिंजीर, सगळे एकाच वेळी आले होते. फुलांतला रस प्यायला त्यांची भांडणं चालली होती. रस्त्यानं चाललेली माणसं थांबत होती, पण आता कुणी हसू दाबत नव्हतं.

आई मात्र कुरकुरत होती. "दिसभर झाडायचं तरी किती? पाटीभर फुलं खाली." पण त्या दिवसांत तिनं तांदूळ निवडायची जागा बदलली. आधी ती मागच्या पडवीत बसायची. आता सूप घेऊन पुढच्या सोप्यात, झाडासमोर.

त्याच फाल्गुनात माझ्यासाठी स्थळ आलं. त्याआधी दोन स्थळं दारापर्यंत येऊन परत गेली होती. पहिलं लग्न मोडलंय असं कळलं की पाहुण्यांचा निरोप यायचा बंद व्हायचा. हे तिसरं गडहिंग्लजकडचं. बसवंतराव खोराट्यांची मुलगी अनसूया, बालवाडीत शिकवायची. घर बघायला बसवंतराव आणि त्यांची थोरली बहीण बनूआत्या येणार होत्या. स्थळ आणणाऱ्या तात्यांच्या मेव्हण्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, "त्या घरात बनूआत्या म्हणतील ती पूर्व दिशा. पोरीची आई न्हाई, आत्यानंच वाढवलंय."

आदल्या दिवशी आईनं मला समोर बसवलं.

"झाडाचं काय इचारलं तर कुंपणातली फांदी रुजली म्हणायचं. खोटं न्हाई ते. कुंपणातलीच हाय."

"आन् लग्नाचं इचारलं तर?"

"न्हाई इचारत. आपण काढायचंच न्हाई. एकदा पोरगी घरात आली की मग सांगू सावकाश."

तात्यांनी मान हलवली. मीही हलवली. आईचं वय झालं होतं आणि या दोन वर्षांत ती गावातल्या एकाही लग्नाला गेली नव्हती. मला तिचा शब्द मोडायचा नव्हता.

पाहुणे आले. बसवंतराव शांत, कमी बोलणारे. बनूआत्या उंच, हाडापेरानं मजबूत, डोईवरचा पदर घट्ट. जाजमावर बसल्या त्या नेमक्या झाडाकडे तोंड करून. पोहे झाले, चहा आला. शेतीचं, पावसाचं, दुकानाचं बोलणं झालं. मग आत्यांनी बशी हातात घेतली आणि बाहेर बघत विचारलं,

"लई देखणं झाड हाय. दारात पांगारा कुणी लावला ओ?"

"लावला न्हाई," तात्या म्हणाले. "कुंपणातली फांदी हुती. रुजली आपली."

"कुंपणातली फांदी? दाराच्या म्होरं, बरुबर मांडव घालायच्या जागंला?" आत्या हसल्या. "ह्यो तर मेढीच्या ठिकाणीच उगवला म्हणायचा."

आत्या हसून बोलल्या होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं. पण तात्यांचा चेहरा पडला. आतल्या दाराआडून आईची बांगडी वाजली. कुणीच काही बोलेना आणि ती शांतता वाढत गेली. मला वाटलं, आता काही सांगितलं नाही तर या घरात ही शांतता कायमची राहील.

"आत्या, ती मेढच हाय," मी म्हणालो. "माझ्या लग्नाची."

बसवंतरावांनी बशी खाली ठेवली. मी सगळं सांगितलं. हळदीच्या दिवसाचं, शालनच्या वडिलांचं, महादू गुरवाचं. आत्या ऐकत होत्या आणि त्यांचे डोळे माझ्यावरून हटत नव्हते.

"पोरगी न्हाई म्हणाली," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हंजे तिचं मन दुसरीकडं असंल."

"मला ठावं न्हाई."

"असणारच की. त्याबिगार कोण हळदीच्या दिवशी न्हाई म्हणतंय? लोक काय म्हणत हुतं?"

"लोक लई म्हणत हुतं. त्यातल्या कुणी तिला बघितलंबी न्हवतं. मला एवढंच ठावं हाय की तिला शिकायचं हुतं आन् तिनं ते लग्नाआधी सांगितलं. लग्न झाल्यावर सांगितलं असतं तर दोघंबी अडकलो असतो."

"तुमाला राग न्हाई आला?"

"आला की. लई दिस हुता. पर मला राग आला म्हणून तिच्यात खोट काढायची व्हय?"

आत्यांचा चहा अर्धा राहिला. त्यांनी डोईवरचा पदर पुढं ओढला. मग चेहरा आवळून एकदम उठल्या. "बसवंता, चल. गाडीची येळ झाली." आईनं लगबगीनं कुंकवाचा करंडा आणला. आत्यांनी तो पुरता बघितलाही नाही. बसवंतराव तेवढं "येतो" म्हणाले.

ते वळणावरून दिसेनासे झाले तसे तात्या म्हणाले, "बोलायची काय गरज हुती रं?"

आईनं करंडा उचलून आत नेला. पुढं कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, ताट सरकवायची आणि आत जायची. मग एका सकाळी तिनं कुऱ्हाड आणून तात्यांसमोर ठेवली.

"तोडा."

"वहिनी, फुलावर आलंय झाड. देवाची मेढ हाय ती."

"देवाला काय करायचं ते माझं करू दे. त्या झाडापायी तीन स्थळं गेली. आज तोडा."

"आई, फुलं गळू दे," मी म्हणालो. "मग म्या सोता तोडतो."

"आज," ती म्हणाली आणि सोप्यात पाठ करून बसली.

आईपुढं तात्यांचं कधी चाललं नव्हतं. ते कुऱ्हाड घेऊन झाडाजवळ गेले. बुंध्याला हात घालायचा सोडून त्यांनी कडेची सगळ्यात बारीक फांदी निवडली. तिच्याभोवती फिरले, धार बघितली, दगड आणून धार लावली, पुन्हा बघितली. अखेर घाव घातला. पाखरं एकदम उडाली. फांदी लाल फुलांसकट खाली आली. तात्या कपाळ पुसत दुसऱ्या फांदीकडे वळले आणि तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं,

"अवो, थांबा थांबा! मांडवाची मेढ तोडताय व्हय?"

बसवंतराव होते. सकाळच्या गाडीनं आले होते, हातात पिशवी, धावल्यामुळं धाप लागलेली. अंगणात आले आणि आधी त्यांनी तात्यांच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली.

"पोरगी व्हय म्हणाली," ते म्हणाले. "आमच्या बनूअक्काचा निरोप हाय. तुमच्या दारात मेढ उभी हाय, ती रुजलेली हाय, फुललेली हाय. दुसरी रोवायची न्हाई. लग्न त्याच मेढीला हुईल."

आई वळली. आधी बसवंतरावांकडे बघितलं, मग झाडाकडे, मग खाली पडलेल्या फांदीकडे. तिनं ती फांदी उचलली, अंगणभर उगाच हिंडली आणि शेवटी पाण्याच्या बादलीत उभी करून ठेवली. मग आत जाऊन मोठ्यानं रडली. आम्ही तिघं बाहेर उभे होतो. बसवंतराव घाबरून म्हणाले, "काय चुकलं का माझं?" तात्या म्हणाले, "न्हाई पावणं. बसा. दोन वर्षांचं हाय ते."

वैशाखात लग्न झालं. फुलं तोवर गेली होती आणि झाडाला नवी पानं आली होती, रुंद, तीन-तीनच्या जुडीत. मांडवाचे कळक त्या झाडालाच बांधले. मुहूर्ताच्या दिवशी आईनं पहिल्यांदा त्या बुंध्याला हळदकुंकू लावलं आणि हात तिथंच ठेवून उभी राहिली. महादू गुरव मंत्र म्हणता म्हणता थांबला. रुजलेल्या मेढीचा काही वेगळा विधी असेल का, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं तरी त्यानं या खेपेला फक्त नारळ फोडला.

त्यानंतर झाडाकडं बघायची लोकांची नजर बदलली. 'रंगाची मेढ' म्हणून हसणारी माणसं आता लग्न ठरेनासं झालं की आमच्या दारात यायची आणि फांदी मागायची. आई प्रत्येकाला आत बसवून चहा द्यायची आणि गोष्ट सांगायची. तिच्या गोष्टीत बनूआत्यांनी फुललेलं झाड बघितलं आणि बघताच त्यांच्या तोंडून होकार निघाला. मी, माझं बोलणं, अर्धा राहिलेला चहा, कुऱ्हाड, यातलं त्या गोष्टीत काही नसायचं.

लग्नाला महिना झाला असेल. संध्याकाळी मी दुकानातून आलो तर अनसूया अंगणात काट्यांचं जुनं कुंपण उपसत होती. आता शेळीला पोचणार नाही एवढं झाड उंच झालं होतं. मी काट्या बांधावर टाकायला मदत केली आणि हात धुताना तिला विचारलं,

"आत्या त्या दिशी अशा का उठून गेल्या? आमाला वाटलं, अपशकुन मानला."

तिनं पदराला हात पुसले.

"आत्याला रडू यायला लागलं होतं. परक्यांच्या घरात रडायचं नव्हतं तिला."

"रडू? कशाचं?"

"मीही एकाला नाही म्हटलं होतं," अनसूया म्हणाली. "साखरपुड्याच्या आधी. मला बालवाडी सोडायला सांगत होता. मी नाही म्हटलं, तर त्यानं बाजारात माझं नाव काय काय केलं. दोन वर्षं आमच्या दारात कुणी आलं नाही. आत्याला वाटायचं, पुरुष म्हणजे असाच. म्हणून तिनं तुम्हाला टोचून टोचून विचारलं. तुम्ही काय सांगता ते बघत होती."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"घरी आली आणि तुमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मी तिला दोनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणाली, आता आणखी किती ऐकणार, हो म्हण की."

आत सोप्यात आई कुणा पाहुण्यांना गोष्ट सांगत होती. तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. झाड पाहिल्याबरोबर होकार निघाल्याचं ती अगदी रंगवून सांगत होती.

"आईला खरं सांगाय पायजे," मी म्हणालो. "तिला वाटतंय सगळं झाडामुळं झालं."

अनसूयानं उरलेल्या काट्यांची मोळी उचलली.

"वाटू दे त्यांना," ती म्हणाली. "तेवढ्यानं पुन्हा कुणी झाडाला कुऱ्हाड लावणार नाही."